अर्ध्या शटरखालचे बूट

सांगतोय ते खरं आहे. माझ्या सख्ख्या धाकट्या मामांच्या बाबतीत घडलंय, आणि मामा खोटं बोलणारा माणूस नाही.

म्हणजे... एक खोटं ते बोलले. त्याचीच ही गोष्ट.

भुतं रात्री येतात असं आपण धरून चालतो. हे घडलं भर दुपारी, भर बाजारात, ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात.

मामांचं चष्म्यांचं दुकान आहे, आणि बाजारातही सगळे त्यांना मामाच म्हणतात. दुकानामागे एक खोली. बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी जेवणं उरकली की तिथे चौघं जमायचे. शटर अर्धं खाली ओढलेलं असायचं, म्हणजे गिऱ्हाईक आत येऊ नये आणि वारा मात्र यावा.

आणि हे चार बाप्ये तिथे करायचे काय? तर ट्रक बनवायचे.

हुबेहूब, छोटे ट्रक. टेबलावर मावतील एवढे. खेळणी नव्हेत हं! कुणी खेळणी म्हटलं की चौघांतला एक, दवाखान्यातला कंपाउंडर, दोन दिवस धुमसायचा. चाकांवरचे नट सुईच्या टोकाएवढे. हौद्याच्या फळ्यांवर पोती घासल्याचे ओरखडे. मडगार्डवर वाळलेला चिखल, तोही एका बाजूला जास्त, कारण खरा ट्रक रस्त्याच्या कडेने चालतो.

मामा काचा करायचे. बेकरीवाला, आडदांड माणूस, पण रंगकामात त्याचा हात धरणारा कुणी नाही. कंपाउंडर चासीचं, म्हणजे खालच्या सांगाड्याचं बघायचा.

आणि चौथे सावकाशराव.

खरं नाव वेगळं होतं, पण ते कुणी घेतच नसे. कचेरीत टायपिस्ट होते, तेव्हा निवृत्त झालेले. वयाने सगळ्यांत मोठे. कुणी चिमटा घेऊन घाईघाईने भाग चिकटवायला लागलं की शेजारून हळूच म्हणायचे, "सावकाश... घाई कशाला?" म्हणून सावकाशराव. मामांना हा नाद त्यांनीच लावला. चिमटा कसा धरायचा, श्वास कधी रोखायचा, सगळं त्यांनीच शिकवलं. घरी मामी म्हणायची, "या माणसाचं माझ्याशी कमी आणि त्या सावकाशरावांशी जास्त पटतं." खोटं नव्हतं ते.

मग सावकाशरावांचा हात कापायला लागला.

आधी थोडासा. कुणी लक्ष दिलं नाही. पण त्या वर्षी चौघांनी मिळून प्रदर्शनासाठी एक मोठा ट्रक करायला घेतला होता. केबिन तयार झाली होती, दारं उघडत होती, आतली सीटसुद्धा शिवून झाली होती. आणि एका दुपारी सावकाशरावांच्या हातून प्लॅस्टिक विरघळवून चिकटवायच्या सोल्यूशनची बाटली केबिनवर कलंडली. केबिनचं छप्पर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मेणासारखं खाली बसलं.



"मी करून देतो नवीन," सावकाशराव म्हणाले. "मीच करून देतो."

"असू द्या हो, होतं असं," मामा म्हणाले.

ते घरी गेल्यावर कंपाउंडर म्हणाला, "हे असं नाही चालायचं. पुढच्या वेळी अख्खा ट्रक घालवतील."

"मग सांगायचं कसं?" बेकरीवाल्याने विचारलं. "मला नाही जमणार बुवा."

दोघांनी मामांकडे बघितलं. दुकान मामांचं होतं.

मामांनी फोन केला. तोंडावर सांगायचं धैर्य झालं नाही. म्हणाले, "सावकाशराव, सध्या बंद आहे आपलं. खोलीत ओल आलीय, काम काढलंय."

"अरेरे. मग मी येऊ का मदतीला? सामान हलवायला माणूस लागेल की."

"नको नको. माणसं लावलीत."

फोन ठेवल्यावर मामांना घाम फुटला होता. पण सुटलो, असंही वाटलं. ते वाटणंच पुढे त्यांना टोचत राहिलं.

तिघं जमत राहिले. नवीन केबिन उभी राहिली.

एका दुपारी बेकरीवाल्याने कसलासा विनोद केला आणि तिघं पोट धरून हसत होते. हसता हसता मामांची नजर खोलीच्या दारातून सरळ पुढे शटरकडे गेली.

अर्ध्या शटरखाली दोन पाय दिसत होते.

तपकिरी बूट. टोकाजवळ शिवण मारलेले. लेस दुहेरी गाठीने बांधलेली.

मामांनी हात वर केला. हसणं थांबलं. तिघंही बघत राहिले.

बूट हलले नाहीत. शटर वाजलं नाही. हाक आली नाही.

उठून चार पावलं टाकायची होती. शटर वर ढकलून "या" म्हणायचं होतं. कुणीच उठलं नाही. कंपाउंडर तर हातातला सँडपेपरसुद्धा खाली ठेवेना, आवाज होईल म्हणून.

मग बूट वळले... आणि सावकाश चालत निघून गेले.

"कुणी दुसरं असेल," बेकरीवाला म्हणाला. पण सावकाशरावांचे बूट तिघांनीही ओळखले होते.

थोड्याच आठवड्यांत सावकाशराव गेले. झोपेतच गेले. तिघं पोचवायला गेले तेव्हा त्यांची बायको मामांना म्हणाली, "तुम्ही मित्र आलात, बरं वाटलं." मामांना मान वर करवली नाही.

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, यात भयानक ते काय? माणसं वागतात अशी.

पुढे ऐका.

पुढच्या सुट्टीला तिघं जमले. ट्रकला वायपर बसवायचे राहिले होते. केसाएवढ्या तारेचे वायपर, तिघांनाही जमत नव्हते.

ते बसवलेले होते.

"वा, मामा!" कंपाउंडर म्हणाला. "गुपचूप उरकलंत की."

"मी नाही. मला वाटलं तूच."

"माझ्याकडे किल्ली कुठाय?"

किल्ली फक्त मामांकडे होती. बेकरीवाल्याने दोघांकडे बघून डोळा मिचकावला. दोघांतला कुणीतरी गंमत करतोय, असं त्याला वाटलं.

त्यानंतरच्या आठवड्यात दारांच्या मुठी बसलेल्या होत्या. मग हौद्याच्या साखळ्या. एकेक कडी वेगळी, एकेक कडी पुरी.

आणि दर वेळी चौथं स्टूल टेबलाजवळ ओढलेलं असायचं.

हसणं बंद झालं. तिघं कामाला बसत, पण पाठ दाराकडे करायला कुणी तयार नसे. एकदा असेच गप्प बसले असताना तिघांनीही एकदम हात थांबवले.

कारण आवाज येत होता...

खर्र... खर्र...

सँडपेपर घासल्याचा. अगदी हळू. एका लयीत. तिघांचेही हात टेबलावर रिकामे होते.

बेकरीवाल्याने भिंग घेतलं आणि साखळी जवळून बघितली. बराच वेळ बघितली. मग त्याने भिंग खाली ठेवलं, आणि त्या एवढ्या मोठ्या माणसाचा आवाज बारीक झाला.

"मामा... आता त्यांचा हात कापत नाही."

त्या दिवसापासून बेकरीवाला आला नाही. कंपाउंडरने एकदा तब्येतीचं कारण सांगितलं, एकदा पाहुण्यांचं, आणि मग कारण सांगायचंही सोडलं. प्रदर्शनाला ट्रक गेलाच नाही. नेणार कोण?

मामी म्हणाली, "तुम्ही तरी कशाला जाता? खोलीला कुलूप घाला."

मामांना ते करवेना. का, ते त्यांनाही नीट सांगता येत नाही. म्हणाले, "एकदा दार बंद केलं होतं ना मी. परत कसं करू?"

ती शेवटची दुपार. बाहेर स्वच्छ ऊन. शेजारच्या दुकानाच्या ओट्यावर पोरं पत्ते खेळत होती, त्यांचा गलका आत ऐकू येत होता. मामा एकटेच ट्रकला बाजूचा आरसा लावत होते. आरसा म्हणजे काचेचा कपटा. चिमट्यातून निसटला आणि खाली पडला.

मामा टेबलाखाली वाकले. फरशीवर हात फिरवायला लागले.

आणि थांबले.

शेजारच्या स्टुलाखाली...

तपकिरी बूट होते.

रिकामे नव्हते. आत पाय होते. वर विजारीची घडी दिसत होती.

बाहेर पोरं ओरडत होती. कुणाचातरी डाव लागला होता. मामांना सगळं स्पष्ट ऐकू येत होतं, आणि त्याहून स्पष्ट, डोक्याच्या अगदी वर, तो मऊ आवाज.

"सापडला का? सावकाश... घाई कशाला?"

मग एक हात खाली आला. त्या हाताने मामांचा तळवा उलटा केला आणि त्यावर आरशाचा कपटा अलगद ठेवला. शिकवताना ठेवायचा तसाच.

हात गार नव्हता, असं मामा सांगतात. तेच सगळ्यात वाईट होतं. आपल्या माणसाचा असतो तसा हात होता.

मान वर केली असती तर चेहरा दिसला असता. मामांनी केली नाही.

"भीतीने नाही रे," ते मला म्हणाले. "कुठल्या तोंडाने बघणार होतो मी त्यांच्याकडे?"

माफी मागायची होती. शब्द तोंडात आलेही होते. ओठ उघडले, आणि कसे कोण जाणे, तोंडातून निघालं...

"आज... आज बंद आहे आपलं."



मग स्टूल मागे सरकलं. हळूच, फरशीवर ओरखडा उठू नये असं. बूट वळले. खोलीच्या दारातून, दुकानातून, शटरपर्यंत गेले. एक क्षण थांबले.

रागाने आदळलं असतं शटर, तर मामांना बरं वाटलं असतं. पण बूट नुसते निघून गेले. ओट्यावरच्या पोरांनी मानही वळवली नाही.

त्यानंतर खोलीत काही झालं नाही. आवाज नाही. स्टूल जागच्या जागी. काम जिथे होतं तिथेच.

मामांना ते सोसेना. त्यांनी ट्रक खोक्यात घातला आणि सावकाशरावांच्या घरी गेले. ठरवूनच गेले होते, की वहिनींना सगळं सांगून टाकायचं. शटर, बूट, फोन, सगळं.

वहिनींनी पाणी दिलं. ट्रक बघून म्हणाल्या, "किती छान झालाय. तुमच्याकडे यायच्या दिवशी सकाळपासून खुशीत असायचे हो. शेवटच्या आठवड्यापर्यंत एकही दिवस चुकवला नाही."

मामांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "शेवटच्या आठवड्यापर्यंत?"

"हो ना. जेवण झालं की बूट घालून निघायचे, दिवेलागणीला परत. काय काय केलं ते सांगायचे. तुम्ही काचा किती सुबक केल्यात, ते सांगायचे."

म्हणजे घरी त्यांनी कळू दिलंच नव्हतं. त्या सगळ्या दुपारी तो म्हातारा माणूस कुठे बसला असेल, कुठे फिरला असेल, देव जाणे. आणि घरी येऊन मामांचं कौतुक करायचा.

ठरवलेलं सगळं सांगायचं राहूनच गेलं.

वहिनींनी आतल्या खोलीकडे एकदा बघितलं. मग पुढे सरकून, आवाज खाली करून म्हणाल्या,

"एक विचारू? तुमच्याकडे सध्या बंद आहे का?"

"...का?"

"नाही, गेल्यानंतरही जायचे ते. जिन्यावर पावलं वाजायची ना मला. पण हल्ली जातच नाहीत." त्यांनी डोळे टिपले. "परत सुरू झालं की बोलवा हो त्यांना. आत नुसते बसून असतात. घरात कुणाशी बोलत नाहीत."

आतल्या खोलीत... खुर्ची कुरकुरली.

मामा उठले. आत बघितलं नाही. वहिनींना काय उत्तर दिलं, ते त्यांनी मला आजवर सांगितलेलं नाही. मीही पुन्हा विचारलेलं नाही.