पूर्वेच्या भिंतीवरचा आरसा

बांधून व्हायच्या आधीच घर कसं दिसेल, याची चित्रं मी कॉम्प्युटरवर तयार करते. बिल्डरांच्या फलकांवर खऱ्या फोटोसारखे हॉल दिसतात ना, तसली. सोलापुरात भवानी पेठेत, चादरींच्या एका दुकानावर, दुसऱ्या मजल्याला आमचं ऑफिस. आम्ही म्हणजे मी, सिद्धा, आणि महेश्वर सर. सर पन्नाशीला आलेले, मी बत्तीसची. काम मी त्यांच्याकडेच शिकले.

सरांचा आग्रह एकच, उजेडाचा. "सोफा नंतर बघू. सूर्य कुठनं आलाय ते सांग आधी." रोज दुपारी चारला आम्ही एकमेकांची चित्रं तपासायचो. शिवाय पुणे, कोल्हापूर, बेळगावकडच्या आमच्याच धंद्यातल्या चाळीसेक लोकांचा एक ग्रुप होता. तिथं चित्र टाकायचं, आणि इतरांनी आधी चांगलं काय ते सांगून मग चूक दाखवायची.

मार्चमध्ये कुंभारीच्या एका इमारतीचं काम आलं. गुरुसिद्धप्पा म्हणून बिल्डर होते, त्यांना पाचव्या मजल्यावरचा हॉल दाखवायचा होता. मी पश्चिमेच्या बाल्कनीच्या दारात उभं राहून आत बघितल्यासारखं चित्र बसवलं. पाठीमागून मावळतीचं ऊन, समोर पूर्वेची कोरी भिंत.

गुरुसिद्धप्पांना पाठवलं, ग्रुपवरही टाकलं. दहा मिनिटांत कोल्हापूरच्या एकानं लिहिलं, 'खालच्या कडेला माणसाची सावली घेतलीत ते फार छान. घरात कुणीतरी राहतंय असं वाटतं.'

मी माणूस घातलाच नव्हता.

चित्र मोठं करून बघितलं. फरशीवर, अगदी कडेला, डोक्याचा गोल आणि एका खांद्याची सावली होती. म्हणजे बघणाऱ्याच्या मागं, बाल्कनीत, कुणीतरी उभं होतं. मी फाइलमधली एकेक वस्तू तपासली. बाल्कनीत दोन कुंड्या आणि कठडा, बाकी काही नाही. सूर्य थोडा खाली आणून परत चित्र काढलं. सावली लांब झाली, जेवढी व्हायला हवी तेवढीच. मला त्याचंच नवल वाटलं. बिघाड इतका नियमानं वागत नाही.

मग सावली पुसून चित्र पाठवलं. गुरुसिद्धप्पांचा लगेच फोन आला. "आधीचं जिवंत होतं की हो, मॅडम. हे मयताच्या घरासारखं वाटायलंय. पहिलंच ठेवा."

चार वाजता सरांना दाखवलं. त्यांनी खुर्ची स्क्रीनजवळ ओढली.

"सूर्य अजून खाली घे," एवढंच म्हणाले.

घेतला. चित्र तयार व्हायला चाळीस मिनिटं लागली. कूलर घरघरत होता, शेजारच्या कारखान्यातले माग खडखडत होते. सावली आता खोलीच्या मध्यापर्यंत आली होती. बाईची होती. डावा हात कोपरात वाकलेला, आणि दंड न् कमरेच्या मधून फरशीवर उजेडाचा एक त्रिकोण पडला होता.

सरांनी चष्मा काढला. "महादेवी," ते म्हणाले.

महादेवी वहिनी म्हणजे त्यांच्या पत्नी. लहानपणी कोपर मोडलं होतं, तो हात कधी सरळ झालाच नाही. दोन वर्षांपूर्वी तापाचं निमित्त होऊन चार दिवसांत गेल्या. शेवटच्या वेळी सर जवळ नव्हते. एका चित्रातली दुरुस्ती विचारायला मीच ऑफिसातून फोन केला होता, तो घ्यायला ते दवाखान्याच्या जिन्यात आले होते. माघारी गेले तेव्हा संपलं होतं. सर मला त्यावरून कधी एक शब्द बोलले नाहीत.

"सर, अशी सावली कुणाचीही दिसू शकते," मी म्हणाले.

"व्हय. दिसू शकते."

त्या दिवसापासून त्यांनी बाकीची कामं बाजूला टाकली. ती फाइल आपल्या कॉम्प्युटरवर घेतली आणि दिवसभर सूर्य सरकवत बसायचे. डबा तसाच परत न्यायचे. सावली लांब व्हायची, आखूड व्हायची, पण सावलीला चेहरा नसतो. रोज एक चित्र ग्रुपवर जायचं आणि लोक तारीफ करायचे. रचना आता जमली, नजर बरोबर जागी जाते, असं काहीबाही. एके दिवशी बेळगावच्या सिद्धलिंग नावाच्या माणसानं सुचवलं, 'समोरची भिंत रिकामी वाटते. तिथं मोठा आरसा लावून बघा.'

सरांचा हात माउसवर थांबला.

"आरसा नको, सर. चित्रात बरा दिसणार नाही."

"चित्राचं कोण बोलायलंय, सिद्धा?"

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी आरसा लावला. चित्र आधी नुसतं रवाळ होतं, मग हळूहळू निवळत गेलं. आम्ही शेजारी शेजारी बसून बघत होतो. आरशात बाल्कनी आली. कठडा आला, कुंड्या आल्या, मागचं पिवळं आभाळ आलं.

कुणीही नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला.

शेजारी बघितलं, तर सर हसत होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"केस पांढरे झालेत की गं तिचे," ते म्हणाले. "गेली तेव्हा एक नव्हता."

"सर, तिथं कुणी नाहीये."

"हितं बसून बघ."

ते उठले, मी त्यांच्या खुर्चीत बसले. आभाळ, कठडा, कुंड्या.

साडेपाचला मी निघाले. "जाताना ग्रुपवर टाक," सर म्हणाले. "मी बसतो थोडा वेळ." मी चित्र टाकलं आणि घरी गेले. त्यांना तिथं एकटं सोडायला नको होतं, हे मला जिन्यात असतानाच कळत होतं.

सकाळी आले तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. बाहेर सरांच्या चपला. कॉम्प्युटर चालू, शेजारी कपातल्या चहावर साय धरलेली. सर नव्हते.

पोलीस आले. खिडक्यांना गज आहेत, जिना एकच आहे. दुकानाच्या कॅमेऱ्यात सर आदल्या सकाळी वर जाताना दिसतात. खाली येताना दिसत नाहीत.

दुपारी मी ग्रुप उघडला. आदल्या संध्याकाळी पावणेसातला सिद्धलिंगनं लिहिलं होतं.

'आरशातल्या बाईंचा चेहरा सुंदर आलाय. त्यांच्या मागं जे गृहस्थ उभे आहेत, ते मात्र अंधारात गेलेत. तिथं थोडा उजेड द्या.'

मी चित्र उघडलं. आभाळ, कठडा, कुंड्या.

तरीही मी उजेड दिला. दुसरं काय करता येणार होतं? नवं चित्र टाकलं. पाच मिनिटांत त्याचं उत्तर आलं.

'आता बरोबर दिसतात. पण दोघं काचेच्या फारच जवळ आलेत का?'

मी फाइल पुसून टाकली. ग्रुपमधून बाहेर पडले. आणखी काही करायला माझ्या हातात नव्हतं.

सरांचा पत्ता लागला नाही. इमारत मात्र उभी राहिली. जानेवारीत गुरुसिद्धप्पांनी मला कुंभारीला बोलावलं. सरांनी त्या शेवटच्या संध्याकाळी त्यांना चित्र पाठवलं होतं, पाचव्या मजल्याचा हॉल त्यातल्यासारखाच करायचा होता, आरशासकट. तिथं धोंडीराम नावाचे गवंडी काम करत होते.

"मॅडम, ह्या भिंतीचं काय तरी येगळंच हाय," ते म्हणाले. "हितं हात लावून बघा."

लावला. पूर्वेची भिंत, बाहेरून दुपारपासून सावलीत, आतही अजून ऊन पोचलं नव्हतं. पलीकडं पाच मजले नुसती हवा. तरीही तेवढी जागा कोमट होती.

"दुसरी हितं हाय की." त्यांनी थोडं खाली, माझ्या खांद्याच्या उंचीवर बोट ठेवलं. तिथंही तसंच.

"आता काय करू?"

"अजून एक हात द्या गिलाव्याचा," मी म्हणाले.

त्यांनी थापी चालवली. सगळी भिंत एकसारखी ओली, काळपट झाली. आम्ही दोघं बघत उभे राहिलो. थोड्या वेळानं त्या दोन जागा पांढऱ्या पडायला लागल्या.

आधी बोटं वाळली. मग तळवे.