करवतीची दुसरी बाजू

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण ही माझ्या सख्ख्या काकांच्या घरात घडलेली गोष्ट आहे, आणि काका थापा मारणाऱ्यांतले नाहीत. रात्र-बित्र नव्हती. भर दुपार होती, अंगणात कपडे वाळत होते.

काका सुतार. त्यांचा एकुलता एक मुलगाही सुतारच. डावखुरा, म्हणून सगळे त्याला डावऱ्या म्हणायचे. मागच्या वर्षी छपराच्या कामावर त्याचा पाय घसरला आणि तो गेला.

तेव्हापासून काकूंनी अंथरूण धरलं. खाणं नाही, बोलणं नाही. काकांना एकच घोर लागला होता... आता हीसुद्धा जाणार.

डावऱ्याची करवत कोपऱ्यात गंजत पडली होती. त्या दुपारी काकांना ती बघवेना. रॉकेल लावून त्यांनी गंज घासून काढला, खिळखिळी मूठ नीट बसवली आणि धार लावायला पातं शेगड्यात, म्हणजे बाकावरच्या लोखंडी पकडीत, आवळलं.

करवतीचे दात कानशीने एक सोडून एक घासतात. एका बाजूचे झाले की करवत फिरवायची, मग राहिलेले दात दुसऱ्या बाजूने. काकांची एक बाजू झाली. काकूंना दूध द्यायला ते आत गेले.

आणि बाहेरून आवाज आला.

कर्र... कर्र... फू.



एकेक दात घासून झाला की फुंकर मारायची, ही सवय डावऱ्याची. "अरे, मेणबत्ती विझवतोयस का?" म्हणून काका त्याची टर उडवायचे.

ते धावत कामाच्या खोलीत आले.

कोणी नव्हतं.

पण करवत फिरवलेली होती. दुसऱ्या बाजूचे दात लखलखत होते. आणि कानस... शेगड्याच्या डाव्या हाताला ठेवलेली.

 काका मागे वळून पाहतात तर दारात काकू! भिंतीला धरून, स्वतःच्या पायांवर उभ्या.

"आला ना हो तो? मी ऐकलं." मग हळूच म्हणाल्या, "भूक लागलीय मला."

सुतार मुद्दाम करवत बोथट करतो, असं कधी ऐकलंय? काका करू लागले. सकाळी तीच करवत विटेवर घासायची, धारेची पार वाट लावायची. दुपारी एक बाजू स्वतः लावायची आणि गुपचूप आत जाऊन बसायचं.

कर्र... कर्र... फू.

काकू भिंतीला कान लावून जेवायच्या. अंगावर मांस आलं. शेजारीण म्हणाली, "वहिनी, रंग परतला हो तुमचा!"

काका हसले, पण त्यांना आता घोर पात्याचा होता. प्रत्येक धारेला पात्यातलं लोखंड झिजतं. तळहाताएवढं रुंद पातं दोन बोटांवर आलं होतं.

त्यांनी नवी करवत आणली. एक बाजू घासली, आत जाऊन बसले.

काहीच नाही...

संध्याकाळ झाली तरी काही नाही. काकूंचं ताट तसंच. दुसऱ्या दिवशी काकांनी मुकाट्याने जुनी करवत पुन्हा शेगड्यात लावली.

मी भेटायला गेलो तेव्हा तो आवाज माझ्या कानांनी ऐकला. कर्र... मग बराच वेळ शांतता. मग फुंकर... धाप लागल्यासारखी.



"दमलाय तो, काका. सोडा आता त्याला."

"सोडतो रे," काका म्हणाले. "पण मग हिला काय सांगू?"



परवा त्यांचा फोन आला. पातं मोडलं. घासायला दातच उरले नाहीत.

"काकू कशा आहेत?" मी भीत भीत विचारलं.

"दुपारपासून ताट पुढ्यात घेऊन बसलीय. सारखी विचारतेय, आज याला उशीर का झाला."

त्यानंतर काकांचा फोन नाही. मीही केलेला नाही... धीरच होत नाही.