वाळूतली तिसरी पाटली

पंचगंगेवर धुणं धुवून आल्यावर ताईच्या हातात एकच पाटली उरली होती. सासरहून निरोप आला, ‘जोडी हातात असेल तरच सुनेला पाठवा.’ म्हणून माईने मला ताईसोबत जोतीरामांकडे पाठवलं.

जोतीराम लढाईवरून परतलेले. जमिनीतले सुरुंग शोधायचं यंत्र त्यांनी कुठूनसं मिळवलं होतं. काठीला तबकडी, खांद्याला पेटी, कानांवर आवाज ऐकायच्या टोप्या; यंत्र घुमलं की बाहेरही ऐकू येई. नदीकाठी हरवलेलं सोनं ते शोधून देत. अर्धं स्वतःच ठेवतात, असंही लोक बोलत. म्हणून मी त्यांच्या हातांवरून नजर काढली नाही.

“पोरी, चोर हाय व्हय मी?” ते हसले. मी मान खाली घातली, पण बघत राहिले.

दिवस मावळत होता. मसणवटीकडून ओल्या राखेचा वास येत होता. यंत्र घुमलं. जोतीरामांनी कोपरापर्यंत हात वाळूत घातला. पिवळं काहीतरी चमकलं, पण वर येईना. मग त्यांनी दुसराही हात घातला, आणि कासारीण जसा पंजा दाबून बांगडी उतरवते, तसं काहीतरी दाबत, फिरवत पाटली काढली.

ताईने ती लगेच हातात चढवली. शेजारी यंत्र पुन्हा घुमलं.

“आणि एक हाय...” ते पुटपुटले. पण उकरलं नाही. बक्षीसही घेतलं नाही. धोतराला हात पुशीत राहिले.

दुसरी मागाहून एकटेच नेणार, मला वाटलं.

घरी आलो तर माई दारातच. “अगं, ही बघ तुझी पाटली! पिठाच्या डब्यात होती.”

ताईने नवी काढायला घेतली. साबण लावला, तेल लावलं. निघेना.

सकाळी मी जोतीरामांना गाठलं. “दुसरी कुठाय?”

“हितंच हुती की...” ते वाळूवर तबकडी फिरवत होते. आवाज नाही. चेहरा बघून वाटलं, खरं बोलतायत. मग घाटाच्या पायरीशी यंत्र घुमलं. तिथे उकरायला काही नव्हतं, नुसता दगड. पुढे रस्त्यावर घुमलं. मग आमच्या गल्लीच्या तोंडाशी.

“घरात कोण हाय?”

“माई. ताई परसात, हाताला साबण लावत बसलीय.”

कानांवरच्या टोप्या काढून त्यांनी माझ्या कानांवर ठेवल्या आणि तबकडी आमच्या उंबऱ्यावर धरली.

यंत्र घुमत होतं. उंबऱ्याच्या आतल्या बाजूला वाळू होती, ओली.