दहा सेकंद दाबून धरा

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजून सात मिनिटांनी मी एका अनोळखी मुलाच्या कानात किंचाळले. म्हणजे मी स्वतः नाही हं – एका मालिकेतली सून किंचाळली. पण बटण माझ्या हातात होतं, तेव्हा पाप माझंच.

आमच्या चारकोपला, सोसायटीच्या हॉलच्या वर एक अभ्यासिका आहे. वीस टेबलं, चार पंखे आणि काशीराम काका. मी तिथे बसून मालिकांची सबटायटल्स लिहिते, कारण घरी दोनच खोल्या आहेत आणि दोन्हींना पुरून उरेल एवढा आईचा आवाज. बाकी सगळे परीक्षांवाले. नियम एकच – आवाज नाही. जो आवाज करेल त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला येऊन वीसच्या वीस टेबलं ओल्या फडक्याने पुसायची. काशीराम काकांची उमेद गिरणीत गेली. तिथल्या खडखडाटात त्यांचा उजवा कान गेला, पण डाव्याला पेनाचं टोपण पडलेलंही ऐकू येतं. टेबलावर पितळी घंटा ठेवतात. ती वाजली की कोणाची तरी वाट लागली असं समजायचं.

तर त्या दिवशी माझे इअरबड्स पेअरिंगलाच जाईनात. डबीतल्या कागदावर लिहिलं होतं, मागचं बटण दहा सेकंद दाबून धरा, पांढरा दिवा लुकलुकेल. मी दहा सेकंद दाबलं. वीस दाबलं. मग रागाने इतका वेळ दाबलं की अंगठा पांढरा झाला, दिवा नाही. ब्लूटूथ बंद केलं, चालू केलं, फोन बंद केला, चालू केला, डबीला मनातल्या मनात दोन शिव्या दिल्या. संध्याकाळपर्यंत दोन भाग द्यायचे होते आणि कान मुके.

आणि अचानक फोनच्या यादीत नाव झळकलं! माझ्याच कंपनीचं, माझ्याच मॉडेलचं. जीव भांड्यात पडला. मी बोट टेकवलं, ‘कनेक्टेड’ आलं. व्हिडिओ चालू केला, पण कानात काहीच नाही. आवाज वाढवला. तरी नाही. मग सरळ शेवटपर्यंत नेला.

“आई गंऽऽ!”

समोरच्या टेबलावरचा मुलगा खुर्चीसकट मागे गेला. खुर्ची पडली, तो कसाबसा भिंतीला धरून राहिला. काकांची घंटा वाजली. एकोणीस जणांनी माना वर केल्या आणि त्या मुलाने कानातला इअरबड काढून त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्यात खरंच कोणी बाई अडकली असावी.

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या फोनकडे. माझ्या उघड्या डबीकडे. त्याच्या हातात तशीच काळी डबी होती, आणि तिचा पांढरा दिवा लुकलुकायचा थांबलेला. माझा चेहरा कुंकवासारखा लाल झाला असणार.

त्याने वहीचं पान टर्रकन न फाडता, अगदी हळूहळू फाडलं आणि चिठ्ठी सरकवली. ‘मी हे लॅपटॉपला जोडत होतो. एक बाई रडत म्हणाली, “मला सोडून जाऊ नकोस!” कोण आहे ती? आणि कोण सोडून चाललंय?’

मी खाली लिहिलं, ‘सॉरी सॉरी सॉरी. तिचा नवरा. आठशे बाराव्या भागात परत येतो.’

त्याने ते वाचलं, आणि तोंडावर हात दाबून खांदे हलवत हसला. आवाज न करता इतकं हसता येतं हे मला माहीतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साडेसातला मी अभ्यासिकेत हजर. चूक माझी आणि फडकं त्याच्या हातात, हे काही मला रात्रभर पटलं नव्हतं.

“तुम्ही द्या ते इकडे,” मी म्हटलं.

“अर्धी तुमची, अर्धी माझी. पंख्याखालची मी घेतो.”

“वा! म्हणजे मी घामाघूम होऊ?”

“किंचाळलं कोण?”

पाचव्या टेबलापर्यंत आम्ही ‘तुम्ही’ होतो, आठव्याला ‘तू’ झालो. त्याचं नाव हर्षद. बाजूच्याच सेक्टरमध्ये राहायचा, सरकारी इंजिनिअरच्या परीक्षेला दुसऱ्यांदा बसत होता. माझं नाव गंधाली आहे कळल्यावर त्याने मान डोलवली आणि म्हणाला, “डबी दाखव बघू. एवढं काय झालंय तिला?”

“बिघडलीय यार. दहा सेकंद दाबून झालं, सगळं झालं.”

“बटण दाबून काय होणार? डावा इअरबड चार्जच होत नाहीये. तो झोपलाय, त्यामुळे दोघं मिळून पेअरिंगला जातच नाहीत.” त्याने डावा इअरबड उचलला, डबीतल्या खळग्यात डोकावला. “गंधाली… हे लाल काय आहे?”

मीही डोकावले. आमची डोकी हलकेच एकमेकांना लागली. आम्ही दोघंही पटकन मागे झालो आणि दोघांनीही लागलंच नाही असं दाखवलं.

मला कळून चुकलं. मी तिथूनच आईला फोन लावला, स्पीकरवर. “आई, तू माझ्या इअरबड्सना काही केलंस का?”

“केलंय म्हणजे? पूजा केलंय!” आमच्या मातोश्री सुगंधाबाई अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. आई चाळीस वर्षं मुंबईत आहे, पण फोनवर अजून कुडाळच्या बाजारातच उभी असते. “दोन कानांक दोन ठिपके लायलंय, वर अक्षता टाकलंय. दसऱ्याक हत्यारांची पूजा करूची नाय तर काय शिमग्याक करूची? तुझा हत्यार ताच ना गो?”

हर्षद टेबलाला धरून खाली बसला होता. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

“हसू नकोस रे! डबी उघडून आतून पूजा केलीय बाईने!”

“माझ्या आईने मागच्या वर्षी लॅपटॉपच्या चार्जिंगच्या भोकात झेंडूची पाकळी खोचली होती,” तो डोळे पुसत म्हणाला. “दुरुस्तीवाला विचारतो, यात बाग लावली होती का?”

कोपऱ्यात देवीच्या फोटोपुढे विझलेली उदबत्ती होती. त्याने तिची काडी मोडून घेतली, टोकाला माझ्या रुमालाचा कोपरा गुंडाळला आणि खळगा साफ करायला लागला. हळद निघाली, कुंकू निघालं, आणि सगळ्यात शेवटी, चार्जिंगच्या पिनेवर आडवा बसलेला तांदळाचा एक दाणा. त्याने तो तळहातावर घेऊन मला दाखवला. मी मात्र त्याच्या कपाळाला लागलेल्या हळदीकडे बघत होते.

“आता दाब. दहा सेकंद.”

मी दाबलं. तो बोटांवर मोजत होता… आठ, नऊ, दहा. पांढरा दिवा लुकलुकला. टाळी द्यायला आम्ही हात वर केले, तेवढ्यात काका जिन्यात खाकरले. हात तसेच खाली आले.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण फोन फार इमानी असतात. माझ्या फोनने हर्षदचे इअरबड्स एकदा धरले, ते धरलेच. रोज दहा वाजता तो समोर बसून डबी उघडायचा आणि त्याच्या लॅपटॉपच्या आधी माझा फोन झडप घालायचा. माझ्या यादीत मी दोघांना वेगळी नावं देऊन टाकली होती – एक ‘माझे’ आणि दुसरे ‘समोरचे’. ‘समोरचे’ जोडले गेले की तो भुवई उचलायचा. मी ‘सॉरी’ असा चेहरा करून सोडायचे. कधी पटकन सोडायचे, कधी… जरा वेळाने. एकदा सोडण्याआधी मी त्याच्या कानात मालिकेतल्या सासूचं खोकणं सोडलं. त्याने शांतपणे चिठ्ठी पाठवली, ‘हळद-दूध दे त्यांना. तुझ्या डबीत होती ना हळद?’

मी त्याचे इअरबड्स फोनमधून काढून टाकू शकले असते. त्याला ते रिसेट करता आले असते. दहा सेकंदांचं काम. दोन आठवडे दोघांनाही वेळ मिळाला नाही.

चारच्या चहाला आम्ही जिन्यात बसायचो. तो विचारायचा, “आज काय, सून घरी आली का?” मी सांगायचे, तो मन लावून ऐकायचा आणि पुलाचं गणित सोडवावं तसा सासूचा डाव सोडवायचा. मला तो आवडायला लागला होता. लागला होता काय, आवडतच होता. झोपताना, उठताना, भाजी निवडताना. पण हे त्याला कसं सांगायचं? दुसऱ्यांची प्रेमं दिवसभर लिहून देणारी मी, स्वतःचं एक वाक्य मला जुळवता येईना.

दिवाळीच्या आधीच्या शुक्रवारी त्याने चहाचा कप खाली ठेवला.

“आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. आज रात्रीच शिफ्ट होतोय. मामाचा फ्लॅट रिकामा आहे.”

“कुठे?”

“…कांजूरमार्ग.”

कांजूरमार्ग! तो दुबईला जातो म्हणाला असता तरी एवढं वाटलं नसतं. दुबईची माणसं सुट्टीला तरी येतात. चारकोपचा माणूस वेस्टर्न लाइन सोडून सेंट्रलला गेला की तो लग्नामुंजीतच भेटतो.

“किती दिवस?”

“तीन वर्षं म्हणतात.”

म्हणजे पाच. मी म्हटलं, “छान. तिकडे… हवा छान असते.”

“कांजूरला? डम्पिंग ग्राउंडच्या बाजूला?”

“मग अभ्यास छान होईल!” असं म्हणून मी तरातरा वर आले आणि टेबलावर येऊन स्वतःला मनसोक्त शिव्या दिल्या. छान काय, छान?

पाच वाजत आले होते. सहाला तो उठणार, वह्या भरणार, काकांच्या पाया पडणार, जाणार. मला आत्ताच सांगायला हवं होतं, आणि तोंडाने काही जमणार नव्हतं. माझं लक्ष फोनकडे गेलं. तो पहिल्या दिवशीचा तुकडा मी जपून ठेवला होता. माझी डबी मी घट्ट बंद केली. समोर हर्षदने आपले इअरबड्स कानात घातले. मी ‘समोरचे’वर बोट टेकवलं, श्वास रोखला, डोळे मिटले. त्याच्या कानात नीट पोचावं म्हणून आवाज शेवटपर्यंत नेला, आणि लावलं.

“मला सोडून जाऊ नकोसऽऽ! मी तुझ्याशिवाय जगू शकत नाहीऽऽ!”

मागे सतार, तबला, वीज कडाडल्याचा आवाज. सगळं माझ्या फोनच्या स्पीकरमधून. सगळ्या अभ्यासिकेला.

मी डोळे उघडले. एकोणीस माना माझ्याकडे वळलेल्या. फोन हातातून निसटून टेबलावर पडला आणि सून पडल्या पडल्या पुन्हा रडली. काकांची घंटा खणखणली.

“कोण ता?”

मी उभी राहिले. “मी, काका. माझा आवाज.”

“उद्या साडेसात.”

“हो.”

हर्षद माझ्याकडे बघत होता. त्याने कानातला एक इअरबड काढला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, “मगाशी चहानंतर मी रिसेट केले गं. दहा सेकंद दाबून. म्हटलं, जाताना तुला त्रास नको…”

“कोणी सांगितलं होतं तुला?” माझा आवाज चढला. चढला तर चढला, शिक्षा झालीच होती. “मी केली होती तक्रार? दोन आठवड्यांत एकदा तरी म्हटलं मी, की त्रास होतो?”

“पण तू तर म्हणालीस, छान…”

“खोटं बोलले! काही छान नाहीये. तू जाऊ नकोस. म्हणजे जा, बिल्डिंग पाडणारच आहेत, पण… असा जाऊ नकोस. तू आवडतोस मला.”

माझ्या मागच्या टेबलावरची, लोकसेवा आयोगवाली मुलगी पेन तोंडात धरून हर्षदकडे पाहत होती. त्या अभ्यासिकेत गेल्या वर्षभरात कोणी कशाकडे इतकं लक्ष दिलं नसेल.

हर्षद उठला. पहिल्या दिवसासारखीच त्याची खुर्ची मागे पडली, धाडकन. त्याने ती उचलली नाही. सरळ काकांच्या टेबलापाशी गेला, घंटा उचलली आणि स्वतःच दणादणा वाजवली.

“अरे ए! खुळावलंस काय रे?” काका ओरडले.

“आवाज केला, काका. मोठ्ठा केला. मलाही शिक्षा द्या.”

काकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चांगला डावा कान खाजवला. “तू तर आज रातीक कांजूराक चललंस ना?”

“तिथून येतो.”

“साडेसातला? दोन गाड्या बदलून?”

“आणि एक रिक्षा. येतो काका.”

काकांनी त्याच्या हातातून घंटा काढून घेतली, कपाटातून दोन फडकी काढली आणि एकावर एक रचून टेबलावर ठेवली. “पंख्याखालची टेबला तिका देवक होई,” एवढं बोलून ते पुन्हा पेपरात शिरले.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम सव्वासातलाच गेले. तो आधीच पायरीवर बसला होता, डोळे झोपेने तांबारलेले, शर्टाला सामान हलवल्याची धूळ. शेजारी त्याची डबी उघडी होती आणि पांढरा दिवा लुकलुकत होता.

“जोड लवकर,” तो म्हणाला. “दहा सेकंद दाबून बसलोय.”

मीही पायरीवर टेकले आणि फोन काढला. यादीत नाव आलं. ‘समोरचे’ लिहायला गेले आणि थांबले, कारण तो सरकून माझ्या शेजारी बसला होता.

“एक सांग,” मी विचारलं. “कांजूरला अभ्यासिका नाही का रे?”

“आहे ना. घराच्या खालीच आहे. एसी आहे.”

“मग?”

“तिथे आवाज केला तर नुसतं बाहेर काढतात,” हर्षद म्हणाला, आणि उठून आत गेला, फडकं उचलून पंख्याखालची टेबलं माझ्यासाठी सोडून पलीकडच्या रांगेला लागला.