न धरलेली साय

वाहेद मंजुश्री तायडेच्या बुलढाण्याच्या ऑफिसात आला तो चुन्याची गोणी खांद्यावर घेऊनच. ती टेबलाजवळ टेकवून म्हणाला, "मॅडम, हा माल पाहा. अर्जुनरावांनी याले भेसळ म्हटलं. वरवट बकालच्या भर बाजारात मले चोर म्हटलं. नांदुऱ्यात अब्बांपासून दुकान हाय आमचं. आता गिऱ्हाईक पायरी चढत नाही."

मंजुश्री खासगी तपास करायची. तिचे मदतनीस हिंमतराव हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. समोर येईल तो गुन्हेगार, असं धरून चालायची त्यांची खोड मात्र अजून निवृत्त झाली नव्हती. गोणी पाहताच त्यांनी वाहेदला मनातल्या मनात बेड्याही घातल्या.

दुपारी तिघं गोणीसकट वरवट बकालला पोचले. अर्जुनरावांचा शेणाच्या गॅसचा प्लांट गावाबाहेर होता. या गॅसमध्ये कार्बन डाय-ऑक्साइड असतो, आणि तो काढल्याशिवाय गॅस नीट जळत नाही. त्यासाठी प्लास्टिकच्या कड्यांनी भरलेला एक उभा टॉवर होता. खालून गॅस चढायचा, वरून चुन्याची निवळी कड्यांवरून झिरपत यायची, कार्बन डाय-ऑक्साइड शोषून घ्यायची आणि परत टाकीत पडायची.

इंजिनिअर जीवननं लॅपटॉप उघडला. "हे माझं मॉडेल. टॉवरची उंची, गॅसचा वेग, चुन्याची रासायनिक क्रिया, सगळं यात आहे. पोळ्यापासून गॅस अशुद्ध निघतोय. उलटा हिशेब मांडला की उत्तर एकच येतं. चुन्यात दम नाही."

"चुना तपासलात?" मंजुश्रीनं विचारलं.

"मॉडेल इतकं चोख असताना कशाला?"

"आणि कड्या किती ओल्या होतात असं धरलंय?"

"पूर्ण. निवळी सगळीकडे पसरते, हे गृहीतच आहे."

खुर्चीत बसलेले अर्जुनराव म्हणाले, "मंजुश्रीताई, कॉम्प्युटरले काय वाहेदशी दुश्मनी हाय? उद्या दुसऱ्याचा माल येऊन राह्यला."

वाहेद खाली मान घालून उभा होता. हिंमतरावांना आता थोडं वाईट वाटलं, पण मत काही बदललं नाही.

टाकी बनाबाई सांभाळायची. "मावशी, निवळी तुम्हीच करता?" मंजुश्रीनं विचारलं.

"हाव बाई. पह्यले पाण्यावर लय साय धरे, पांढरी. पंप चोंदे, मंग मालक मह्यावर खेकसत. पोळ्याले जीवन साहेबानं सांगतलं, पाण्याले हवा लागू देऊ नको. तवापासून जपतो मी. आता साय धरतच नाही."

मंजुश्रीनं दोन ग्लास मागवले. एकात टाकीतलं वरचं पाणी घेतलं, दुसऱ्यात गोणीतला चुना कालवून निवळू दिला. भरलेला पहिला ग्लास हिंमतरावांच्या हातून निसटता निसटता वाचला; त्यांनी हात रुमालाला पुसले. तोवर बनाबाईनं भाकरी आणि आंब्याचं लोणचं पुढं केलं. फोड तेलात पार बुडालेली होती.

"तेल वरतून पाह्यजेच," बनाबाई म्हणाली, "नाही तं हवा लागते अन् बुरशी धरते."

जेवण उरकेपर्यंत गोणीच्या ग्लासावर पांढरी साय आली होती. टाकीचा ग्लास होता तसाच होता.

"सापडला," हिंमतराव ग्लासाकडं बोट दाखवत म्हणाले. "दाखवायचा माल वेगळा, टाकीत घालायचा वेगळा."

वाहेदचा चेहरा उतरला. मंजुश्रीनं कागदाच्या दोन नळ्या घेतल्या आणि दोन्ही ग्लासांत खोलवर फुंकर घातली. दोन्ही सारखेच दुधाळ झाले. हिंमतरावांना काहीच कळेना.

"काका, आपल्या श्वासात तोच कार्बन डाय-ऑक्साइड असतो," ती म्हणाली. "चुन्यात दम नसता तर टाकीचं पाणी दुधाळ झालंच नसतं. चुना चांगला आहे. मग हवेतल्या त्याच वायूनं त्यावर साय का धरली नाही? कारण हवा पाण्यापर्यंत पोचलीच नाही. मधे काहीतरी आहे. तुमच्या हातून ग्लास का निसटत होता? आणि रुमालाचा वास घेऊन पाहा."

हिंमतरावांनी रुमाल नाकाशी नेला. "सरकीचं तेल."

"मावशी, टाकीत तेल ओतता ना तुम्ही?"

बनाबाई सहज म्हणाली, "हाव. हवा लागू नाही म्हणून. लोणच्यावर नाही का ओतत?"

"टाकीतलं पाणी तळाला गेलं की पंप ते तेलही ओढतो," मंजुश्री म्हणाली. "ते कड्यांना बसतं. मग पाणी पसरत नाही, आणि गॅसशी गाठ पडत नाही. चुना टॉवरमधून जातो, पण नुसताच जातो."

जीवन टॉवरपाशी गेला. झाकण काढून त्यानं एक कडी आणली आणि निवळीत बुडवून वर धरली. पाण्याचे थेंब गोळा होऊन टपटप गळाले. कडी कोरडीच राहिली. त्यानं लॅपटॉप मिटला.

"पाण्याला हवा का लागू द्यायची नाही आणि त्यासाठी काय करायचं, हे मी मावशींना सांगितलंच नाही," तो म्हणाला. "चूक माझी आहे."

अर्जुनराव बनाबाईवर खेकसायला वळले होते, ते थांबले. बनाबाईनं पदर तोंडाशी धरला होता. मग ते वाहेदकडं पाहून हळूच म्हणाले, "चल, झालं गेलं. उद्यापासून तुहाच माल पाठव."

वाहेदनं गोणी उचलून खांद्यावर घेतली.

"पाठवतो. पण अर्जुनराव, चोर तुम्ही मले इथं नव्हतं म्हटलं. बाजारात म्हटलं होतं. आज बाजार हाय, चाला."

अर्जुनरावांनी चपला पायात घातल्या. हिंमतराव पुढं झाले. वाहेदच्या खांद्यावरची गोणी त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि बाजाराच्या रस्त्याला लागले.