चारचा गजर

घड्याळ विकायचं असं काही मनात नव्हतं. माळ्यावर उंदीर मेल्याचा वास येत होता, म्हणून मी पत्र्याची ट्रंक खाली काढली. तिच्यात जुन्या धोतरात गुंडाळलेलं ते निघालं. वर दोन घंटा, मधे हातोडी, पाठीला दोन चाव्या. आमच्या बापाने पोर्तुगीज राजवटीत म्हापशाच्या बाजारातून आणलेलं, एवढंच मला ठाऊक.

"विकून टाका अवो," रत्ना म्हणाली. "घरातली एक जुनी वस्तू मी सांभाळते, ती पुरे."

वाळपईला दिलेली आमची लेक पूनम फोनवर म्हणाली, पेडण्यात गौरेश म्हणून एक जण आहे, जुनी घड्याळं ओळखतो, किंमत सांगतो, त्याला व्हिडिओवर दाखवा. दुसऱ्या दिवशी रत्ना डिचोलीच्या बाजाराला गेली. मुळगावच्या घरात मी एकटा. जेवण झालं होतं. बाहेर ऊन असं, की कावळासुद्धा ओरडत नव्हता. मधल्या खोलीत स्टुलावर घड्याळ मांडलं, फोन तांब्याला टेकवला आणि बसलो. माझ्या मागे भिंतीला लागून खाट.

"मधुकरकाका, मागचा कॅमेरा लावा, स्वच्छ दिसतं," गौरेश म्हणाला.

तसा लावला. फोनची पाठ माझ्याकडे आली. मला त्याचा फक्त आवाज.

तो सावकाश विचारत गेला. तबकडी जवळ आणा. काट्यांवर हिरवट आहे ना, ते रेडियम, नखाने खरवडू नका. पाठ दाखवा.

"जर्मन आहे. बोटीतून आलेला माल. काच नंतर बदललीय, घंटा मूळच्या. गजर वाजला तर तीन-चार हजार कुणीही देईल. गजराचा काटा कितीवर आहे?"

"चारवर."

"मग काटे फिरवत चारवर आणा. ऐकू दे."

चावी दिली, काटे फिरवले. घंटा वाजली ती माझ्या दातांत वाजली. मी बटण दाबून थांबवली.

"झकास. पण काका, मागे झोपलेल्या माणसाला उगाच त्रास दिला आपण. कूस बदलली त्याने."

मी वळून पाहिलं. खाटेवर गुंडाळलेली गादी. बाकी काही नाही.

"कोणी नाही रे इथे."

"अहो, दिसतोय ना. डोक्यावरून चादर घेतलीय." तो हसला. "नातू असेल तर झोपू दे."

खोलीत घामाचा आणि ओल्या मातीचा वास सुटला होता. उंदराचा नव्हे.

स्प्रिंगची खात्री करायला गौरेशने पुन्हा एकदा वाजवायला सांगितलं. मी वाजवलं. आता तो हसला नाही.

"उठून बसला... पाय खाली सोडलेत. दोन्ही हातांनी डोकं खाजवतोय. काका, हा तुमचा नातू नव्हे ना?"

उठल्यावर दोन्ही हातांनी डोकं खाजवणारा आमच्या घरात एकच होता. माझा धाकटा भाऊ, गणपत.

तो पाळी गावच्या खाणीवर कामाला होता. पहाटे चारला उठून निघायचा. हे घड्याळ त्याच्या उशाशी असे. पन्नास वर्षं होऊन गेली. तेव्हा सलग अकरा दिवस त्याला सुट्टी नव्हती. त्या पहाटे मला आधी जाग आली. त्याचं तोंड लहान पोरासारखं उघडं. मला वाईट वाटलं. घंटा वाजायच्या आत मी बटण दाबलं, त्याच्या गळ्यापर्यंत चादर ओढली, म्हटलं, झोप घटकाभर. तो उशिरा उठला, घाबरला, चहा न घेता धावला. वाटेत हात करून खनिजाच्या ट्रकावर चढला. वळणावर तो ट्रक खाली गेला.

सगळे म्हणाले, घड्याळाने दगा दिला. मी बोललो नाही. रत्नाशीसुद्धा नाही. बटण कोणी दाबलं हे गणपतला कळलं होतं का, एवढंच मला जन्मभर विचारायचं होतं.

"काका... फोन ठेवूया आता."

"थांब बाबा. तुला तो दिसतो, मला नाही दिसत."

तिसऱ्यांदा मीच चावी दिली. घंटा वाजू लागली, तेव्हा त्या पहाटे म्हणायचं राहिलेलं म्हणालो. "गणपत, ऊठ रे. चार वाजले."

घंटा मधेच थांबली. माझे दोन्ही हात मांडीवर होते.

फोनमधून नुसता श्वास येत होता.

"काय झालं? सांग."

"त्यानेच बटण दाबलं... तुमच्या खांद्यावरून हात घालून. अगदी हळू. तुमची झोप मोडू नये तसं... आता तुमच्या अंगावर काहीतरी पांघरतोय..."

फोन बंद झाला. गौरेशने पुन्हा कधी उचलला नाही. पण मला उत्तर मिळालं होतं. गणपतला ठाऊक होतं.

घड्याळ परत ट्रंकेत घातलं. जन्मभर पहाटे आपोआप उठणारा मी दुसऱ्या दिवशी आठला उठलो. चादर गळ्यापर्यंत. रत्ना म्हणाली, मी नाही घातली. मग एके दिवशी दहा. मग साडेबारा. हाका मारून तिचा घसा बसला होता. तेव्हा मी तिला सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "राग काढत असता तर त्याला हात जोडले असते. तो माया करतोय अवो. माया करणाऱ्याला काय सांगायचं?"

ती माझ्या उशाशी बसू लागली. मनगट धरून, भिंतीला टेकून, उजाडेपर्यंत.

काल मला जाग आली ती पोदेराच्या भोंप्याने. पाव घेऊन तो सकाळी येतो तसा संध्याकाळीही येतो. खिडकीतलं ऊन मावळतीचं होतं. रत्ना बसल्या जागी झोपली होती, आणि तिच्याही गळ्यापर्यंत चादर होती. तिला हलवता हलवता दिवेलागण झाली. डोळे उघडून ती माझ्याकडे बघत राहिली, मग हळूच म्हणाली, "किती वर्षांनी अशी झोप लागली हो..."

आज ती उशाशी बसणार नाही म्हणाली. जेवून लवकर आडवी झाली. चादर पायाशी तशीच घडी घालून ठेवलीय. स्वतः घेतली नाही.