जन्म स्लायगोचा

आता मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत बर्फ पडायला लागलं की कादंबरीला हमखास कॅलिफोर्नियातलं सनीव्हेल आठवतं. तिथला तो नावापुरता हिवाळा, मर्फी अव्हेन्यूवरच्या झाडांना लावलेले बारीक दिवे, आणि मार्चमधला तो शनिवार – जेव्हा ती पाऊस चुकवायला म्हणून एका आयरिश पबमध्ये शिरली आणि भलत्याच लफड्यात अडकली.

पुढच्या कॅलट्रेनला, म्हणजे तिथल्या लोकलला, वेळ होता आणि छत्री घरी राहिली होती. ओली ओढणी पिळत ती दाराशीच उभी राहिली. आत भांडण रंगलं होतं.

सेंट पॅट्रिकच्या, म्हणजे आयरिश सणाच्या, आठवड्यात त्या पबचा एक रिवाज होता. आयर्लंडच्या बेटावर ज्याचा जन्म झाला असेल, त्याला मटणाच्या स्ट्यूचा एक वाडगा फुकट. बाकीच्यांनी आपापले पैसे मोजावेत. आणि काउंटरपाशी हिरवा स्वेटर घातलेला एक म्हातारा, शॉन त्याचं नाव, मालकीणबाई मेव्हशी हुज्जत घालत होता.

"माझे आईबाप दोघंही आयर्लंडातल्या मेयोचे! घरात आयरिश जेवण, आयरिश शिव्या, सगळं आयरिश. मग मी कोण?"

"आणि जन्म कुठला, शॉन?" मेव्हनं गोड आवाजात विचारलं.

"...बर्मिंगहॅम."

पबमध्ये हशा पिकला. शॉनच्या बायकोला, हेदरला, सगळ्यात जास्त हसू आलं. ती जन्मानं बेलफास्टची. गाव त्याच बेटावरचं, पण ब्रिटनकडे असलेल्या उत्तर आयर्लंडमधलं. म्हणजे नियमानं वाडगा तिचा. पण तिनं मान ताठ केली. "मी ब्रिटिश आहे. माझे वडील ब्रिटिश होते, मीही ब्रिटिशच. मला नको तुमचा फुकटचा स्ट्यू. मी विकत घेऊन खाईन."

ज्याला हवा त्याला मिळेना, जिला मिळतोय तिला नको! तेवढ्यात कोपऱ्यातल्या टेबलावरून एक हात वर आला – शाळेत 'बाई, मी सांगू?' म्हणून करतात ना, तसा. सावळा, चष्मेवाला, जरा जास्तच उंच मुलगा.

"मी… म्हणजे, माझा जन्म स्लायगोचा आहे," तो ओशाळून म्हणाला.

अर्थात कोणाचाच विश्वास बसला नाही. मग त्यानं फोनवरचा पासपोर्टचा फोटो दाखवला. व्हिसावर जगणाऱ्या माणसाच्या फोनमध्ये देवाचा फोटो एक वेळ नसेल, पासपोर्टचा असतोच. मेव्हनं तो मोठ्यानं वाचला. पासपोर्ट भारतीय, नाव नकुल, जन्मस्थळ स्लायगो, आयर्लंड. तिनं काउंटरवरची घंटा बडवली, टाळ्या पडल्या, आणि वाफाळता वाडगा त्याच्यासमोर आला.

नकुलनं वाडग्यात वाकून पाहिलं आणि स्वतःशीच पुटपुटला, "हा तर बटाट्याचा रस्सा… तिखट घालायचं विसरलेत."

दाराशी उभी असलेली कादंबरी फिस्सकन हसली. त्यानं चमकून वर पाहिलं.

"तुम्ही – मराठी?"

"नागपूर."

"अरे देवा. मग तुम्हाला हे आजारी माणसाचं जेवण वाटेल."

"वाटूनच राहिलं आहे," ती म्हणाली.

तो हसला. आणि उठून तो वाडगा सरळ शॉनसमोर ठेवून आला. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. त्या दिवशी कादंबरीची पुढचीही ट्रेन चुकली. चुकली म्हणजे काय, तिनं घड्याळाकडे पाहिलंच नाही!

मग शनिवारमागून शनिवार आले. नकुल वाढला पुण्याचा. त्याचे आईवडील दोघं डॉक्टर, शिकायला म्हणून आयर्लंडला गेलेले. तिथे हा झाला, आणि नीट बोलायला लागायच्या आत पुण्यात परतलासुद्धा. स्लायगोतलं त्याला काहीही आठवत नव्हतं.

"काहीच नाही? समुद्र? हिरवं गवत?"

"पुसटसं एक आठवतं. एक मेंढी."

"खरंच?"

"नाही यार. फोटोत पाहिली आहे."

ती त्याच्या दंडावर चापट मारायची आणि हात उगाच क्षणभर तिथेच राहायचा. तो ड्राइव्ह करत तिला फ्रीमॉंटला मिसळ खायला न्यायचा आणि ती प्रत्येक घासाला 'ही काय तर्री आहे?' म्हणून नाक मुरडायची. पबमध्ये शॉन आणि हेदर त्यांच्यासाठी जागा धरून ठेवायचे. चाळीस वर्षांचा संसार त्या दोघांचा. शॉन इंग्लंडात जन्मून आयरिश, हेदर आयर्लंडात जन्मून ब्रिटिश. फुटबॉलची मॅच लागली की दोघं दोन टोकांना बसायचे आणि चिप्सची बशी मधल्या टेबलावर ठेवायचे. फार छान दिवस होते ते.

एकदा पार्कमध्ये चालताना नकुलनं हसत हसत एक गोष्ट सांगितली. क्युपर्टिनोच्या एका मुलीचं स्थळ आलं होतं त्याला. मुलीच्या काकांनी चहा येण्याआधी विचारलं, "बर्थ सर्टिफिकेट ओरिजिनल आहे ना?"

"मग?"

"मग काय… मी म्हटलं, काका, सर्टिफिकेट ओरिजिनल आहे, मुलगाही ओरिजिनल आहे, त्याच्याबद्दलही काही विचारा." तो हसत होता, पण नेहमीसारखं नाही. "त्यांना मी नको होतो गं. माझं गाव हवं होतं. तेही, जिथे मी कधी राहिलोच नाही असं."

काकांनी असं का विचारलं, हे तिला त्या वेळी कळलं नाही. कळायला हवं होतं. पण प्रेमात पडलेल्या माणसाची अक्कल जरा रजेवरच असते.

कळलं ते तिच्या रूममेटकडून. शैलजानं भाजी परतता परतता विचारलं, "तुझा तो नकुल आयर्लंडमध्ये जन्मला? अगं बाई! लॉटरी लागली तुला!"

मग तिनं समजावून सांगितलं. अमेरिकेत ग्रीन कार्डाची रांग पासपोर्ट पाहून लागत नाही, जन्माचा देश पाहून लागते. भारतात जन्मलेल्यांची रांग इतकी लांब, की कादंबरीचा नंबर बहुधा तिचे केस पांढरे झाल्यावर लागणार. आयर्लंडची रांग? जवळजवळ नाहीच. आणि नवऱ्याचा जन्म तिथला असेल तर बायकोला त्याच्या रांगेत उभं राहता येतं.

"लग्न कर आणि सुट," शैलजा म्हणाली आणि भाजीत मीठ घातलं.

कादंबरी आपल्या खोलीत गेली. तिनं ते गुगल केलं. खरंच होतं. आणि… तिला आनंद झाला. अगदी क्षणभर, पण पोटातून उकळी फुटावी तसा आनंद. दुसऱ्याच क्षणी तिला क्युपर्टिनोचे ते काका आठवले आणि तिचा चेहरा शरमेनं तापला. आपण त्यांच्यापेक्षा वेगळ्या कशा?

त्यात पुढच्याच आठवड्यात तिच्या कंपनीनं तिची अख्खी टीम काढून टाकली. आता व्हिसाच्या नियमानं दोन महिन्यांत नवी नोकरी, नाहीतर सामान बांधा. नकुल त्याच संध्याकाळी स्टेशनवर धावत आला. कॅलट्रेनच्या प्लॅटफॉर्मवर वारा सुटला होता, त्याचा चष्मा वाकडा झाला होता.

"कादंबरी, मी नीट ठरवून विचारणार होतो. फुलं वगैरे आणून. पण आता – लग्न करशील माझ्याशी?"

याच शब्दांची ती किती दिवस वाट पाहत होती! आणि आले तेही नेमके आज.

"माझी दया येते म्हणून विचारतोयस?"

"वेडी आहेस का?"

"मग मी 'हो' म्हटलं तर ते कशासाठी म्हटलं, हे तुला कसं कळणार?"

"मला शंका नाही येणार."

"मला येईल," ती म्हणाली. "माझीच. आयुष्यभर." आणि समोर आलेल्या ट्रेनमध्ये ती चढली. ट्रेन उलट दिशेची होती, हे तिला माउंटन व्ह्यू गेल्यावर कळलं.

नंतरचे दिवस तिनं इंटरव्ह्यू देण्यात आणि नकुलचे फोन न उचलण्यात घालवले. रडूही यायचं. एका शनिवारी सकाळी दुकानात हेदर भेटली आणि तिला हाताला धरून कॉफी प्यायला घेऊन गेली. कादंबरीनं सगळं सांगून टाकलं. अगदी त्या क्षणभराच्या आनंदासकट.

हेदरनं शांतपणे कॉफी ढवळली. "शॉननं मला त्याचं आडनाव दिलं, त्याच्या आईच्या हातचा केक शिकवला, आणि त्याच्या बहिणींचा राग दिला. यातलं काही मी मागितलं नव्हतं. माझं बेलफास्ट मात्र त्याला जन्मभर हवंहवंसं वाटत आलंय. मला जे नको त्याचा त्याला हेवा." ती हसली. "तू त्या मुलाला तो क्षणभराचा आनंद सांगितलास का?"

"नाही. कसं सांगू?"

"मग तू त्याला नाही म्हटलंसच नाही, पोरी. तू फक्त पळालीस."

कादंबरी उठली. कॉफी तशीच राहिली.

नकुलच्या अपार्टमेंटमध्ये शनिवारी सकाळी नकुल कुठे सापडेल, हे सांगायला ज्योतिषी नको होता. लॉन्ड्री रूममध्ये तो एका भल्या मोठ्या चादरीची एकट्यानं घडी घालण्याचा प्रयत्न करत होता आणि चादर जिंकत होती. शेजारच्या ड्रायरपाशी एक चिनी आजी मोजे जुळवत बसल्या होत्या.

"काही बोलू नकोस," कादंबरी दारातूनच म्हणाली. "बोललास तर माझा धीर सुटेल. मला शैलजानं सांगितलं, तुझ्याशी लग्न केलं तर माझी रांग सुटते. मी गुगल केलं. आणि मला आनंद झाला, नकुल. खूप झाला. त्या काकांसारखाच. पण त्याच्या आधीपासून… त्या रश्श्याच्या दिवसापासून मला तू आवडतोस. दोन्ही खरं आहे. आता यातलं काय मोठं ते तू ठरव, कारण मला –"

"कादंबरी –"

"थांब ना! कारण मला ठरवता येत नाहीये."

"कादंबरी, आई –"

"नकुल, कोण रे ती?" साबणाच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनमधून आवाज आला.

व्हिडिओ कॉल चालू होता! पुण्याहून नकुलची आई, डॉक्टर विनीताबाई, चष्मा नाकावर घेऊन बघत होत्या. कादंबरीला वाटलं, आपण या वॉशिंग मशीनमध्ये शिरावं आणि दार लावून घ्यावं.

"नमस्कार, काकू," ती कशीबशी म्हणाली.

"नमस्कार. तू बोललीस ते सगळं ऐकलं मी. तुझा जन्म कुठला गं?"

झालं! आता हाच प्रश्न. "नागपूर," ती खाली मान घालून म्हणाली. "महाल भागात, आजोळी."

"तेव्हा कोण कोण होतं तिथे?"

हे अनपेक्षित होतं. "म्हणजे… सगळेच. आजी, दोन्ही मावश्या. मामा म्हणे पेढे घेऊन आधीच बाहेर उभा होता. बाबा गाडीतून उतरून धावत आले होते."

विनीताबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला.

"स्लायगो चांगलं होतं हो," त्या म्हणाल्या. "नर्सेसनी माझं फार केलं. पण ह्याचे बाबा दुसऱ्या गावात ड्युटीवर होते. बाहेर वारा नुसता घोंघावत होता. हा झाला तेव्हा 'मुलगा झाला' हे मराठीत सांगायला माझ्याजवळ कोणी नव्हतं. फोन लागेना. शेवटी मी ह्यालाच सांगितलं. म्हटलं, अरे, मुलगा झालाय…"

नकुलच्या हातातली चादर हळूहळू जमिनीवर आली. त्यानं हे कधी ऐकलं नव्हतं.

"कागदावर ते गाव ह्याचं असेल. खरं तर ते माझ्या एकटेपणाचं गाव आहे," विनीताबाई म्हणाल्या. "त्याचा एवढ्या वर्षांनी कोणाला उपयोग होणार असेल तर होऊ दे की. नागपूरचं माणसांनी भरलेलं घर सोडून तू इतक्या लांब आलीस. तूसुद्धा आमच्यात काही रिकाम्या हातानं येत नाहीयेस, ती माणसं घेऊन येतेयस. फक्त एक सांग, तुला हा आवडतो ना? हा घोरतो, आधीच सांगते."

"आई!"

कादंबरी हसली, आणि हसता हसताच रडायला लागली. नकुलनं तिच्याकडे पाहिलं. चष्मा अजूनही वाकडाच होता.

"मी पुन्हा विचारू?" तो हळूच म्हणाला. "फुलं आजही नाहीयेत."

"विचार."

"लग्न करशील माझ्याशी? रांगेसाठी थोडं, आणि माझ्यासाठी बरंचसं?"

"हो," ती पुटपुटली.

"काय म्हणाली?" पुण्याहून प्रश्न आला. "मशीनच्या आवाजात काही ऐकू येत नाही बाई. जरा मोठ्यानं सांगा कोणीतरी."

कादंबरीनं डोळे पुसले, फोन हातात घेतला आणि ओरडून सांगितलं, "काकू, हो म्हटलं मी! तुमच्या मुलाचं लग्न ठरलं!"

ड्रायरपाशी बसलेल्या आजींना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. पण त्यांनी हातातले मोजे खाली ठेवले आणि टाळ्या वाजवल्या. फोनवर विनीताबाई मागे वळून घरभर ऐकू जाईल अशा आवाजात कुणाला तरी हाका मारत होत्या.